शेजारच्या मागावर हात

१२ जानेवारी

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी मी नेमाण्णाशी भांडायला गेलो आणि दोघेही तोंडघशी पडलो.

आज मागांची सुट्टी. कबनूरच्या आमच्या गल्लीत आठवड्यातून हा एकच दिवस शांततेचा. एरवी माग धडधडत असतात आणि त्यांच्याबरोबर भिंती, फरशी, कपाटाच्या काचा, सगळंच बारीक थरथरत असतं. मांडणीवरची भांडी सरकत सरकत कडेला येतात, ती माझी बायको शांतव्वा रोज संध्याकाळी मागे ढकलते. चाळीस वर्षं हे असंच चाललं आहे. म्हणून सुट्टीदिवशी कुणी माग लावायचा नाही, हे गल्लीने एकमताने ठरवलेलं आहे.

जेवून कॉटवर आडवा झालो होतो. एकदम भिंत थरथरली, मांडणीवरची ताटं वाजली. माझ्या मनात दुसरं काही आलंच नाही. म्हटलं, नेमाण्णाने चोरून माग लावले. आमच्या आणि त्याच्या शेडची मधली भिंत एकच आहे. तसाच उठून चपला अडकवल्या आणि निघालो, तर तो बनियनवर माझ्याच दाराकडे येत होता.

"काय परभूअप्पा, सुट्टीचं माग लावून बसलायसा व्हय? माणसानं जरा पडायचं का न्हाय?"

"मी लावलोय? तुमचंच वाजालंय की."

"माझ्या शेडला कुलूप हाय. ही बघा किल्ली."

मग मीही माझी किल्ली काढून दाखवली. भर रस्त्यात दोन म्हातारे एकमेकांपुढे किल्ल्या नाचवत उभे. तोवर थरथर थांबलीही होती. अर्ध्या तासाने आमचा मुलगा मृत्युंजय मोबाईल घेऊन आला. म्हणाला, "अप्पा, भूकंप झालाय. तीन पूर्णांक सहाचा. तिकडं घाटाकडं."

शांतव्वाने देवापुढे दिवा लावला. मला मात्र भीती वाटायच्या ऐवजी मजाच वाटली. मी सहा वर्षांचा असताना एक मोठा भूकंप झाला होता म्हणतात, पण तेव्हा मी झोपेत होतो. त्यानंतर इकडे कधी जाणवल्याचं ऐकलं नाही. की येऊन गेले आणि मागांच्या धडधडीत आम्हाला कळलेच नाहीत? असे किती गेले असतील? हा विचार डोक्यातून जात नाही.

१३ जानेवारी

दूधसंघाची डायरी दरवर्षी येते आणि तिच्यात पहिल्या पानावर नाव घालण्यापलीकडे मी काही लिहीत नाही. काल पहिल्यांदाच लिहिलं. आज सूनबाईंनी, म्हणजे दानेश्वरीने, ते वाचलं. ती हातकणंगल्याला हायस्कूलमध्ये भूगोल शिकवते.

"मामा, हे लई चांगलं केलासा," ती म्हणाली. "आता थांबू नका. पुन्हा कधी जाणवलं तर वेळ, किती सेकंद आणि काय काय हललं, एवढं लिवून ठेवा. मोठ्या धक्क्यानंतर बारीक धक्के येत्यात कधीकधी. तुमचा तळहात म्हणजे यंत्रच की."

हे तिने काही उगाच म्हटलेलं नाही. मी चाळीस वर्षं जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करणारा. लोक कानाने दोष ओळखतात, मी डाव्या तळहाताने ओळखतो. माझा एक नियम आहे. माग जास्त हादरतोय अशी तक्रार आली की आधी पाना काढायचा नाही. बाकीचे सगळे बंद करून तो एकच चालू ठेवायचा. मग हात त्याच्यावर न ठेवता शेजारच्या बंद मागावर ठेवायचा. शेजारच्यालाही धक्के बसत असतील तर दोष जमिनीत. शेजारचा शांत असेल तर दोष त्या मागातच. माझ्या हाताखाली पंधरा-वीस जॉबर तयार झाले, प्रत्येकाला पहिल्या दिवशी हेच शिकवलं.

अलीकडे बोलावणी कमी झाली आहेत. नवे माग आले, त्यांची दुरुस्ती कॉम्प्युटरवर चालते. असो.

१४ जानेवारी

सकाळी नेमाण्णा तिळगूळ घेऊन आला. "गोड बोला आणि सुट्टीचं माग लावू नका," म्हणाला. बराच वेळ हसलो.

पण आज लिहायचं आहे ते वेगळंच. सकाळी सातला पाळी बदलते तेव्हा अर्धा तास माग थांबतात. माझी लिंगपूजा त्याच वेळी असते. गळ्यातलं इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, विभूती लावली, बेलाचं पान वाहिलं आणि नजर लावून बसलो. पान हलत होतं. वारा नव्हता, खिडकी बंद होती. बारीक, एका लयीत, चार-पाच मिनिटं.

दानेश्वरीचे बारीक धक्के ते हेच. लगेच घड्याळ बघून नोंद केली. गल्लीत कुणालाच कळलं नाही. कसं कळणार? एवढं शांत बसतो कोण?

१७ जानेवारी

काल एक, आज दोन. एक पूजेत, एक दुपारी खुर्चीत बसून पेपर वाचताना. पेपरच हलत होता. मृत्युंजयला हाक मारली, तो येईपर्यंत थांबला. धक्का काही कुणाची वाट बघत नाही.

२२ जानेवारी

नुसत्या हातावर विसंबून चालणार नाही म्हणून गवंड्याचा ओळंबा आणून देवघराच्या तुळईला टांगला. खाली फरशीवर पाण्याने भरलेली वाटी ठेवली. आता तीन साक्षीदार झाले.

आज पूजेत पान सहा मिनिटं हललं. ओळंबा जागचा हलला नाही. वाटीतलं पाणीही स्वस्थ. यावर दिवसभर विचार केला. ओळंब्याचं लोखंड जड, दोरी जाड, त्याला एवढा बारीक धक्का काय कळणार? वाटी तर फरशीला चिकटून बसलेली. माणसाचा तळहात त्याहून कितीतरी तरल. चाळीस वर्षांची सवय आहे.

शांतव्वा शेजारी असती तर तिलाही दाखवलं असतं. आमच्यात बायकांच्याही गळ्यात लिंग असतं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघे शेजारी बसून पूजा करायचो. दिवाळीपासून ती माझ्या आधीच उरकून घेते. विचारलं तर म्हणाली, "सकाळची घाई असतीया. तुमचं आपलं निवांत."

२६ जानेवारी

दानेश्वरीच्या शाळेत २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन आहे. हेडमास्तरांना तिने माझ्या वहीबद्दल सांगितलं आणि त्यांनी मला पाहुणा म्हणून बोलावलं आहे. तीनशे मुलांपुढे बोलायचं आहे. मी दहावीपर्यंत शिकलेला माणूस. दिवसभर पाय जमिनीवर नव्हते.

शांतव्वाला सांगितलं तर तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तिचं हल्ली काही कळत नाही. एकीकडे चहा अर्धा कप देते. मी बशीत ओतून पितो, डाव्या हातात बशी धरून, तर अर्ध्या कपात बशीचं बूडही झाकत नाही. साखर महागली का, म्हणून विचारलं. म्हणाली, "पुन्यांदा मागा की, देतो." दुसरीकडे माझ्या सदऱ्याची बटणं स्वतः लावून देते. लग्नात लाजत होती ती बाई, पासष्टीत हे सुचतंय. मी लावून घेतो, माझं काय जातं.

१ फेब्रुवारी

नोंदी एकोणीस झाल्या. आज दानेश्वरीने मोबाईलवर भूकंपांची सरकारी यादी काढली आणि माझी वही शेजारी ठेवून ताडून पाहिली. १२ जानेवारीचा एक धक्का दोन्हीकडे आहे. त्यानंतरचा माझा एकही त्यांच्या यादीत नाही.

मी सांगितलं, त्यांची यंत्रं तिकडे डोंगरात, इथलं बारीक त्यांना कसं समजेल. वहीकडे बघायच्या ऐवजी ती माझ्या हाताकडे बघत होती. नखं कापायला हवीत.

नंतर म्हणाली, "मामा, अठ्ठावीसला न्हाई जमलं तरी चालंल हं. मी सांगतो हेडमास्तरांना."

"का न जमाय? जमतंय की," मी म्हटलं. मास्तरणीला सासऱ्याचं कौतुक जड जातंय की काय, असंही मनात येऊन गेलं. नंतर लाज वाटली, कारण वही लिहायला तिनेच सांगितलं होतं.

६ फेब्रुवारी

दोन महिन्यांनी नेमाण्णाने कामाला बोलावलं. मधल्या काळात तो हातकणंगल्याकडच्या सयाजीला बोलावतो हे मला माहीत आहे. सयाजी माझ्याच हाताखाली शिकला. बोललो नाही कधी, पण मनात सलत होतं.

सात नंबरचा माग हादरत होता. नियमाप्रमाणे बाकीचे बंद केले, डावा तळहात आठ नंबरवर ठेवला. आठ नंबर थरथरत होता. स्पष्ट. सहावर ठेवला, तोही. मी सांगितलं, "नेमाण्णा, मागात कायबी न्हाय. खालची जमीन ढिली झाल्या. फरशी उकरून बघा. भूकंपानं पोकळ झाली असणार."

नेमाण्णाने सात नंबर बंद केला. मग म्हणाला, "तुमी म्हणताय तर उकरू."

खूप दिवसांनी पोटभर जेवलो.

८ फेब्रुवारी

फरशी उकरली. खाली भराव दगडासारखा घट्ट. दोन दिवस तीन माग बंद राहिले ते राहिलेच. मग सयाजीने येऊन सात नंबरच्या दांड्याचा एक झिजलेला बुश, म्हणजे आतलं कडं, बदललं आणि माग गपगार चालू लागला.

माझी चूक झाली असं म्हणायला मन तयार नाही. मी हात ठेवला नेमका त्याच वेळी जमिनीचा बारीक धक्का आला असणार. तशी नोंद केली आहे, क्रमांक चोवीस. पण एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही. सयाजी माझ्या पाया पडला तेव्हा मला त्याच्या तोंडाकडे बघवलं नाही.

१२ फेब्रुवारी

शांतव्वाशी भांडण. ती सरळच म्हणाली, "शाळंत जाऊ नगा."

"का?"

"पोरं हसत्याल."

"कशाला हसत्याल? चाळीस वरसं ह्या हातावर घर चाललंय. त्यो हात काय खोटं बोलतोय?"

ती पदराने डोळे पुसत आत गेली. मला फार वाईट वाटलं, रागही आला. जगाने विश्वास ठेवला नाही तर चालेल, घरच्या माणसाने तरी ठेवावा. सरकारी यादी नाही म्हणते, ओळंबा नाही म्हणतो, आता ही. माझ्या बाजूने फक्त माझा हात उरला आहे. तो चुकीचा ठरला तर अठ्ठावीसला मी त्या मुलांना काय दाखवू, आणि त्यानंतर गल्लीत कोण मला माग दाखवेल?

तिला पुराव्यानेच पटवायला हवं. तीन दिवसांनी शिवरात्र आहे. त्या दिवशी तिला माझ्या शेजारी बसावंच लागेल. दोन तळहात, दोन पानं. दोन्ही हलली की झालं.

१५ फेब्रुवारी, महाशिवरात्र

सगळं लिहितो, क्रमाने.

सकाळी सातला माग थांबले. शांतव्वा नको नको म्हणत होती. मी म्हटलं, आजच्या दिवशी तरी नाही म्हणू नको. ती बसली. दोघांनी लिंगं तळहातावर घेतली, पाणी, विभूती, बेल. मी घड्याळ मांडीजवळ ठेवलं होतं. नजर स्वतःच्या लिंगावर असायला हवी, पण मी चोरून तिच्याकडे बघत होतो. देव क्षमा करो.

दोन मिनिटांतच माझं पान हलायला लागलं. लगेच तिच्या हाताकडे पाहिलं. तिचं पान स्वस्थ होतं. म्हटलं, थांबू, धक्का तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागत असेल. एक हात अंतरावर. लिहितानाही आता हसू येतंय, पण तेव्हा मी खरंच थांबलो. अकरा मिनिटं. माझं पान सारखं हलत होतं. तिच्या पानावर पाण्याचा एक थेंब होता, तोसुद्धा जागचा हलला नाही.

शेजारचा शांत असेल तर दोष त्या मागातच.

मी एवढ्या जणांना शिकवलेलं वाक्य. ते मला कुणी सांगितलं नाही, माझं मलाच आठवलं. शांतव्वा माझ्याकडे बघत होती. तिने तिचं लिंग गळ्यातल्या डबीत, करंडगीत ठेवलं, आणि माझ्या डाव्या हाताखाली तिचा हात धरला. पान थांबलं.

"कवापास्नं हाय हे?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आदीपास्नं. झोप लागली की थांबतंय. मी बगितलोय."

"मग सांगिटलं का न्हाईस?"

"आदी म्या भ्यालो. मग त्यो भूकंप झाला आणि तुमी त्येच्यामागं लागलासा. एवढं खूश हुतासा. म्हटलं ऱ्हाऊ दे."

अर्धा कप, बटणं, वेगळी पूजा. एकेक आठवत गेलं. या बाईने चार महिने एकटीने हे सांभाळलं आणि मी डायरीत तिला चिक्कू ठरवत होतो. मी रडलो. माग चालू झाले होते म्हणून आवाज बाहेर गेला नाही.

१७ फेब्रुवारी

मृत्युंजय आणि दानेश्वरी कोल्हापूरला मेंदूच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरने चालायला लावलं, बोटं उघडझाप करायला लावली, मग हात मांडीवर मोकळे सोडून बसायला सांगितलं. कंपवात. सुरुवात आहे म्हणाला. गोळ्यांनी बराच आटोक्यात राहील, पण मुळातून जाणार नाही.

मी विचारलं, पाना हातात घेतला की थरथर थांबते, ती कशी? डॉक्टर खूश झाला. म्हणाला, तसंच असतं, हात विसाव्याला असताना हलतो आणि कामाला लावला की बहुतेक वेळा थांबतो. म्हणजे मागाच्या अगदी उलट. माग बंद केला की शांत, माझा हात बंद केला की चालू. हे ऐकून मला बरं का वाटलं ते सांगता येत नाही, पण वाटलं.

परत आल्यावर नेमाण्णाकडे गेलो. म्हटलं, फरशी मी स्वतः बसवून देतो, चूक माझ्या हाताची होती.

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "दोन महिनं झालं बघतोय."

"मग उकरलासा कशाला?"

नेमाण्णाने चष्मा काढून पुसला. "चाळीस वरसं तुमच्या शब्दावर उकरत आलो. त्या दिवशी न्हाई म्हणाय जीभच उचलंना."

उद्यापासून फरशीचं काम. सयाजीही येतो म्हणालाय.

२१ फेब्रुवारी

डायरी बंद करणार होतो. मग वाटलं, का? हलतं ते कुठलं, एवढाच फरक पडलाय. आता नोंदी अशा: गोळीनंतर किती वेळाने थांबतो, चहाआधी किती, राग आल्यावर किती. राग आल्यावर जास्त. सिमेंट कालवताना शून्य.

ओळंबा तुळईलाच ठेवलाय. त्याच्याबद्दल मी वाईट बोललो होतो.

२८ फेब्रुवारी

गेलो. दानेश्वरी म्हणाली होती की नको वाटत असेल तर राहू दे. पण बोलावणं घेतलं होतं, आणि वहीत जे आहे ते सांगायला मला आता भीती नव्हती. शांतव्वाही आली, इरकल नेसून मागच्या बाकावर बसली.

मुलांना सांगितलं, या वहीत भूकंपाच्या एकोणतीस नोंदी आहेत. एक जमिनीची आहे आणि अठ्ठावीस माझ्या. मग डावा हात टेबलावर मोकळा ठेवून दाखवला. नंतर त्याच हातात पाना घेतला आणि थांबलेला दाखवला. तेव्हा सगळे एकदम पुढे झुकले. मागचे तर बाकावर चढले. शेजारच्या मागाचा नियम सांगितला, ओळंब्याचं सांगितलं, फरशी उकरल्याचंही सांगितलं. नेमाण्णाचं नाव घेतलं नाही, माझं घेतलं.

प्रश्न विचारा म्हटल्यावर आठवीतली एक मुलगी उभी राहिली. भूमिका नाव तिचं. म्हणाली, "आजोबा, अठ्ठावीस वेळा तुमाला भूकंपच वाटलेला. मग पहिला खरा हुता हे कशावरनं?"

मी म्हटलं, "त्या दिवशी शेजारचा पण भांडाय आलता."

सगळी शाळा हसली. शांतव्वा पोरांच्या हसण्याला भीत होती, पण सगळ्यात मोठ्याने तीच हसत होती. घरी आल्यावर तिने चहा कपभरून दिला. थोडा बशीतून सदऱ्यावर सांडला. तिने बघितलं, मीही बघितलं, आणि उरलेला पिऊन टाकला.